एक्सव्ही६ची टिक: एका घंटेवर तीन कामं

दोन वर्षांपूर्वी मी एक आलेख काढला होता. एक छोटं काम प्रोग्रामकडून दहा हजार वेळा करून घ्यायचं, प्रत्येक वेळी किती वेळ लागला ते नोंदवायचं आणि नोंदी कशा पसरल्यात ते बघायचं, एवढंच. आलेख आला तो पायऱ्यापायऱ्यांचा. बऱ्याच नोंदी शून्य, काही ४ मिलिसेकंद, काही ८, थोड्या १२. मधलं काहीच नाही. मला वाटलं, घावलं काहीतरी! दोन दिवस डोकं खाजवून मी कॅश आणि मेमरीच्या पानांवरून त्या पायऱ्यांचं स्पष्टीकरणही तयार केलं. तीन स्लाइडी झाल्या. बैठकीत गाईडनी एकच प्रश्न विचारला, "कुठल्या घड्याळानं मोजलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री शोधलं तेव्हा कळलं, की मी वापरलेली लायब्ररी वेग मिळावा म्हणून कर्नलचं 'जाडंभरडं' घड्याळ वाचत होती. ते घड्याळ कर्नलच्या टिकला पुढे सरकतं, आणि माझ्या मशीनवर सेकंदाला २५० टिक होत्या. म्हणजे दर ४ मिलिसेकंदांना एक. त्या पायऱ्या माझ्या प्रोग्रामच्या नव्हत्याच, घड्याळाच्या होत्या. तीन स्लाइडी कचऱ्यात.

मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकलो नव्हतो असं नाही. एक्सव्ही६ वाचलं होतं, टाइमर इंटरप्ट म्हणजे काय ते परीक्षेत लिहिलंही होतं. तरी ही चूक झाली. ती का झाली असेल, याचा विचार करताना मी एक्सव्ही६मधलं वेळेचं कोड पुन्हा उघडलं. आजचा लेख म्हणजे त्या कोडवरची माझी टीका. तुम्ही गेट किंवा नेट-सेट देऊन पीएचडीच्या मुलाखतींच्या तयारीत असाल, तर एक्सव्ही६ तुमच्यासमोर येणारच आहे. तेव्हा ते काय शिकवतं आणि काय शिकवायचं राहून जातं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आधी जे चांगलं आहे ते

एक्सव्ही६ हे एमआयटीमध्ये २००६ साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं छोटं कर्नल. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा आराखडा घेऊन तो आधुनिक सीमध्ये आणि आधुनिक प्रोसेसरवर पुन्हा मांडलेला. आधी इंटेलच्या एक्स८६साठी होतं, आता रिस्क-व्हीसाठी आहे. आयआयटी मुंबईच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या खुल्या व्याख्यानांतही तेच वापरलंय, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची कर्नलशी पहिली गाठ तिथंच पडते.

त्यातलं वेळेचं कोड वाचायला अर्धा तास पुरतो. हार्डवेअरमधला टाइमर ठरावीक काळानं प्रोसेसरला टोचतो. प्रोसेसर हातातलं काम तिथंच ठेवून कर्नलच्या ठरलेल्या फंक्शनमध्ये येतो. पहिला कोअर 'टिक्स' नावाच्या एका आकड्यात एक मिळवतो आणि टिकची वाट बघत झोपलेल्या सगळ्या प्रोसेसना उठवतो. मग ज्या-त्या कोअरवर चालू असलेली प्रोसेस 'यील्ड' करते, म्हणजे प्रोसेसर सोडून रांगेत मागे जाते. संपलं.

याचं मोल कमी समजू नका. एखाद्या प्रोग्रामनं अनंत फेरा लावला तरी मशीन आपल्या हातात कसं राहतं, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकलेला असतो. इथं तो चालताना दिसतो. टाइमरची ओळ काढून टाका, एक अनंत फेऱ्याचा प्रोग्राम एकाच कोअरवर चालवा आणि बघा: कर्नल कितीही शहाणं असो, त्याला शहाणपण दाखवायची संधीच मिळत नाही. कुठलंही पुस्तक हे इतकं पटवून देत नाही.

पहिली तक्रार: तीन कामं एकाच घंटेवर

शाळेतली घंटा आठवा. शिपाईमामा घंटा देतात तेव्हा एकाच आवाजात तीन गोष्टी होतात. किती वाजले ते सगळ्यांना कळतं. गणिताचे सर वर्ग सोडतात आणि इतिहासाच्या बाई येतात. आणि ज्या लेकराला 'तिसऱ्या तासानंतर घरी जायचं' असं सांगितलेलं असतं, ते दप्तर उचलतं.

टिकचंही तसंच. त्यात तीन वेगळी कामं आहेत. एक, आत्ता किती वाजले किंवा किती वेळ गेला हे सांगणं. दोन, पुढच्या एखाद्या ठरलेल्या क्षणी कुणाला तरी जागं करणं. तीन, चालू प्रोसेसकडून प्रोसेसर काढून दुसऱ्याला देणं. एक्सव्ही६मध्ये ही तिन्ही कामं एकाच इंटरप्टवर टांगलेली आहेत. कोड छोटं राहतं ते त्यामुळेच. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात एक समज घट्ट बसतो: वेळ म्हणजे टिक, आणि टिक म्हणजे वेळ.

हा समज कुठं नडतो? मोजमापात. रिस्क-व्हीच्या एक्सव्ही६मध्ये टिक साधारण ०.१ सेकंदाची आहे. 'अपटाइम' विचारला तर मिळतो टिकांचा आकडा. म्हणजे त्या कर्नलच्या जगात ०.१ सेकंदाच्या आत काही घडतच नाही. प्रोसेसरला मात्र तसं वाटत नाही. रिस्क-व्हीमध्ये 'टाइम' नावाचं एक रजिस्टर आहे, ते सतत मोजत असतं, आणि क्यूईएमयूच्या मशीनवर ते सेकंदाला एक कोटी वेळा पुढे सरकतं. भिंतीवर इतकं बारीक घड्याळ लटकलेलं असताना एक्सव्ही६ किती वाजले ते घंटा मोजून सांगतं.

माझ्या पायऱ्यांच्या आलेखात मी नेमकी हीच चूक केली. घड्याळाला काटा असतो तसा कणही असतो, आणि त्या कणापेक्षा बारीक गोष्ट त्या घड्याळानं मोजता येत नाही, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दुसरी तक्रार: 'एक टिक झोप' म्हणजे किती?

एक्सव्ही६मधलं स्लीप असं चालतं: आत्ताचा टिक्सचा आकडा लिहून ठेव, आणि सांगितलेल्या टिका वाढेपर्यंत झोप. दर टिकला सगळे झोपलेले उठतात, आपापला आकडा तपासतात आणि वेळ झाली नसेल तर पुन्हा आडवे होतात. शंभर प्रोसेस झोपलेल्या असतील तर दर टिकला शंभर जण उठणार. शिकवणीच्या कर्नलमध्ये हे माफ.

पण दुसरा मुद्दा माफ करावासा वाटत नाही. तुम्ही एक टिक झोप मागितली आणि तेव्हा पुढची टिक पडायला फक्त ३ मिलिसेकंद उरले असतील, तर तुम्ही ३ मिलिसेकंदांतच जागे व्हाल. टिक नुकतीच पडून गेली असेल तर जवळजवळ १०० मिलिसेकंद झोपाल. म्हणजे 'एक टिक' याचा अर्थ शून्य ते १०० मिलिसेकंदांमधलं काहीही. झोपेबद्दलचा युनिक्सचा करार उलटा आहे. संकेतानं मध्येच उठवलं नाही, तर किमान मागितली तेवढी झोप मिळालीच पाहिजे, जास्त झाली तरी चालेल. लिनक्सच्या टिकवर चालणाऱ्या झोपेत यासाठीच एक टिक वरून धरतात.

हा एका ओळीचा फरक आहे. एक्सव्ही६मध्ये ती ओळ असावी असा माझा हट्ट नाही. पण नाही हे सांगणारी एक टीप तिथं हवी होती. कारण 'किमान' आणि 'सुमारे' यांतला फरक ज्या दिवशी कळतो, त्या दिवशी विद्यार्थी कोड वाचणारा न राहता करार वाचणारा होतो.

तिसरी तक्रार: सरकत जाणारी घंटा

ही तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती दिसायला रिस्क-व्हीच्या एक्सव्ही६ची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवावी लागते.

जुन्या आवृत्तीत टाइमरचा इंटरप्ट आला, की पुढच्या इंटरप्टची वेळ अशी ठरायची: आधी ठरलेली वेळ अधिक दहा लाख. नव्या आवृत्तीत ती अशी ठरते: आत्ताची वेळ अधिक दहा लाख. बाकी सगळं सारखं वाटतं. पण शिपाईमामांकडे परत चला. पहिल्या पद्धतीत मामांकडे वेळापत्रक आहे: ११:००, ११:३५, १२:१०. एखादी घंटा अर्धा मिनिट उशिरा झाली तरी पुढची वेळेवरच होते. दुसऱ्या पद्धतीत मामा घंटा दिली त्या क्षणापासून ३५ मिनिटं मोजतात. दर वेळी अर्धा मिनिट उशीर झाला, तर आठ तासिकांत शाळा चार मिनिटं उशिरा सुटते. आणि उशीर कधीच भरून निघत नाही, तो साचत जातो.

कर्नलमध्ये उशीर कुठून येतो? कर्नलनं एखादं कुलूप धरलं, की त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद असतात. टाइमर वाजला तरी कुलूप सुटेपर्यंत कुणी ऐकत नाही. शिवाय नव्या कोडमध्ये पहिला कोअर आधी टिक्सचं कुलूप घेतो, आकडा वाढवतो, झोपलेल्यांना उठवतो आणि मग 'आत्ताची वेळ' वाचतो. तोवर गेलेला वेळ पुढच्या टिकच्या माथी. समजा हा उशीर सरासरी २० मायक्रोसेकंद आहे (हा आकडा हिशेबापुरता धरलाय, मोजायचं काम तुमचं). सेकंदाला १० टिका, म्हणजे सेकंदाला २०० मायक्रोसेकंद, म्हणजे दिवसाला १७.२८ सेकंद. टिका मोजून वेळ सांगणारं कर्नल दिवसाला सव्वासतरा सेकंद मागे पडणार. आणि जितक्या जास्त प्रोसेस झोपलेल्या तितकं जास्त. म्हणजे यंत्र किती कामात आहे त्यावर घड्याळाचा वेग ठरणार!

आता न्यायानं बोलायचं तर नव्या आवृत्तीलाही कारण आहे. जुन्या पद्धतीत टाइमर हाताळायला प्रोसेसरच्या सर्वांत वरच्या अधिकाराच्या अवस्थेत जावं लागे आणि तिथलं कोड असेंब्लीत होतं. रिस्क-व्हीमध्ये नंतर आलेल्या सोयीमुळे कर्नलला टाइमर थेट लावता येतो, आणि कोड कितीतरी सुटसुटीत झालं. शिवाय 'आत्ता अधिक दहा लाख' या पद्धतीत एक सुरक्षितताही आहे. काही कारणानं कर्नल बराच वेळ अडकलं, तर वेळापत्रकवाल्या पद्धतीत चुकलेल्या घंटा एकापाठोपाठ एक वाजतात. दुसऱ्या पद्धतीत तसं होत नाही. म्हणजे हा निर्णय आहे, नुसती चूक नव्हे. घंटेचं एक काम (प्रोसेसर काढून घेणं) बघितलं तर दुसरी पद्धत उत्तम. दुसरं काम (वेळ सांगणं) बघितलं तर पहिली. तीन कामं एकाच घंटेवर टांगली की असे निर्णय कुणाच्या तरी पदरात नुकसान टाकतात, आणि ते कुणाच्या पदरात पडलं हे कोडमध्ये दिसत नाही.

एक्सव्ही६च्या जुन्या एक्स८६ आवृत्तीत निदान प्रामाणिक कबुली होती. तिथं टाइमर एक कोटी मोजून शून्यावर आला की इंटरप्ट द्यायचा, पण मोजणी बसच्या वारंवारतेनं व्हायची. बस १०० मेगाहर्ट्झची असेल तर टिक ०.१ सेकंदाची, १ गिगाहर्ट्झची असेल तर ०.०१ सेकंदाची. लेखकांनी शेजारीच लिहिलं होतं, की नेमक्या वेळेची आम्हाला फिकीर असती तर हा आकडा बाहेरच्या घड्याळाशी ताडून घेतला असता. त्या टीपेत अख्खा धडा आहे: कर्नलला वेळ आपोआप कळत नसते, बाहेरच्या कुणाला तरी विचारून ताडून घ्यावी लागते.

लिनक्सनं घंटा कशी सोडवली

लिनक्सही इथूनच निघालं. पीसीवर बराच काळ सेकंदाला १०० टिका होत्या. २.६ मालिकेत त्या १००० झाल्या, आणि २००५ साली २.६.१३मध्ये त्या निवडता येऊ लागल्या, ठरीव आकडा २५०. हे मागेपुढे होणं बघा. टिका वाढवल्या तर झोप आणि वेळ नेमकी होते, पण दर टिकला काम थांबतं आणि लॅपटॉपची बॅटरी उगाच जळते. कमी केल्या तर उलटं. तीन गिऱ्हाईकं एका दुकानात, आणि प्रत्येकाला वेगळा भाव हवा.

सुटका झाली ती आकडा बदलून नाही, कामं वेगळी करून. २००६-०७च्या सुमारास जॉन स्टुल्ट्झ, थॉमस ग्लायक्स्नर, इंगो मोल्नार यांच्या कामातून लिनक्समध्ये दोन वेगळ्या वस्तू उभ्या राहिल्या. एक, नुसतं वाचायचं घड्याळ, जे सतत मोजतं आणि कुणाला टोचत नाही. दोन, सांगितलेल्या क्षणी एकदाच टोचणारा गजर. बारीक टाइमरांची चौकट २.६.१६मध्ये आली, आणि काम नसताना टिक थांबवायची सोय २.६.२१मध्ये. २०१३ साली ३.१०मध्ये, एखाद्या कोअरवर एकच काम चालू असेल तर तिथली टिक जवळजवळ बंद करता येऊ लागली.

याच टिकच्या दुबळेपणावर २००७ साली एक सुंदर पेपर आला, त्साफ्रिर, एट्सियन आणि फाइटेल्सन यांचा. त्यांनी दाखवलं, की जी सिस्टिम टिक पडली तेव्हा कोण चालू होतं एवढंच बघून हिशेब ठेवते, तिला एक साधा प्रोग्राम फसवू शकतो. टिक पडल्यावर काम सुरू करायचं आणि पुढची पडायच्या जरा आधी झोपायचं. प्रोसेसर बहुतेक सगळा तोच खातो, हिशेबात मात्र त्याच्या नावावर काहीच नाही. मास्तर घंटेलाच हजेरी घेतात हे कळलेल्या पोरासारखं. संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो याचं हे उदाहरण लक्षात ठेवा: सगळ्यांनी गृहीत धरलेल्या एका ओळीकडे कुणीतरी निरखून पाहिलं.

पण वेगळं केलं की संपलं, असंही नाही. १ जुलै २०१२ला आपल्याकडच्या घड्याळात पहाटे साडेपाचला जगाच्या वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. कर्नलनं भिंतीवरचं घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण ही बातमी गजर सांभाळणाऱ्या भागाला पोचली नाही. गजर एक सेकंद आधीच वाजू लागले. एक सेकंदापेक्षा कमी थांबायला सांगणारे प्रोग्राम थांबेचनात, फेऱ्यावर फेरे मारू लागले, आणि जगभरच्या कित्येक सर्व्हरवर प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेले. कामं वेगळी केली की त्यांच्यात निरोप पोचवायची जबाबदारी येते, हा यातला धडा.

हे सगळं आपल्या अंगणात

'एवढं बारीक कुणाला लागतं?' असं तुम्ही विचाराल. मागच्या सुट्टीत अहमदपूरला एका बीएस्सीच्या मुलानं मला हेच विचारलं. मी त्याला सांगितलं, लोह्यावरून नांदेड गाठ आणि वसमतमार्गे औंढ्याला जा. ज्योतिर्लिंगासाठी आपण ज्या औंढा नागनाथला जातो, त्याच हिंगोली जिल्ह्यातल्या तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात.

अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ला पहिली गुरुत्वीय लहर टिपली. आपल्याकडे दुपारचे ३:२० झाले होते. अख्खा संकेत सुमारे ०.२ सेकंदाचा. लिव्हिंगस्टनला आधी दिसला, आणि ३००० किलोमीटरवरच्या हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी. ही लहर आकाशात कुठून आली याचा अंदाज बांधायला हा ७ मिलिसेकंदांचा फरकच मुख्य आधार होता.

आता आपली घड्याळं लावून बघा. एक्सव्ही६च्या टिकेत तो संपूर्ण शोध दोन टिकांचा, आणि दोन्ही वेधशाळांतला फरक बहुधा शून्य. माझ्या २५० टिकांच्या घड्याळात तो फरक ४ किंवा ८ मिलिसेकंद. उत्तर पायऱ्यांत मिळालं असतं, आणि आकाशातली दिशा कितीतरी चुकली असती.

मग लायगोची नियंत्रणप्रणाली काय करते? ती चालते लिनक्सवरच. पण ज्या कोअरवर आरसे आणि लेझर सांभाळायचं काम आहे, तो कोअर लिनक्सच्या हातातून काढूनच घेतात. शेड्युलरच्या लेखी तो कोअर नाहीच. तिथं कर्नल मॉड्यूलच्या रूपात एकच प्रोग्राम चालतो, मेमरीत नवा नमुना आला का हे सतत बघत राहतो, आणि आला की लगेच हिशेब करतो. नमुने येतात सेकंदाला ६५,५३६, म्हणजे दर १५ मायक्रोसेकंदांना एक, आणि त्यांचा ठेका धरणारं घड्याळ जीपीएसशी जुळवलेलं, संगणकाच्या बाहेरचं. कर्नल तिथं वेळ सांगत नाही, वेळ पाळतं.

टाइमर इंटरप्टचा परिच्छेद पाठ करून आलेल्या मुलाला हे वाचून धक्का बसायला हवा. पुस्तक सांगतं, टाइमर इंटरप्टशिवाय कर्नल आंधळं. इथं काम इतकं नाजूक, की इंटरप्ट येऊच दिला जात नाही. दोन्ही बरोबर आहेत. पुस्तक बोलतंय तिसऱ्या कामाबद्दल: अनोळखी प्रोग्रामांकडून प्रोसेसर परत मिळवणं. लायगोच्या त्या कोअरवर अनोळखी कुणी नाहीच, मग परत मिळवायचं कुणाकडून? अर्थात याची किंमत आहे. तो कोअर चोवीस तास डोळे उघडे ठेवून जळत राहतो, आणि त्यावरचा प्रोग्राम अडकला तर वाचवायला घंटा नाही.

मग एक्सव्ही६ वाचायचं का?

वाचायचंच. एवढ्या कमी ओळींत प्रोसेसर परत मिळवायचं काम इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. माझी तक्रार एवढीच, की एका कामाचा उत्तम धडा तीन कामांचा धडा म्हणून गळी उतरतो, आणि सांगणारी टीप तिथं नाही. ती टीप आपण स्वतः लिहायची. त्यासाठी तीन गोष्टी करून बघा.

एक, टाइमरच्या फंक्शनमध्ये टाइम रजिस्टर वाचून दोन टिकांमधलं अंतर साठवा. हजार टिकांनंतर छापा. मशीन रिकामं असताना आणि पन्नास प्रोसेस झोपलेल्या असताना, दोन्ही वेळा. मग 'आत्ता अधिक दहा लाख'च्या जागी 'आधीची वेळ अधिक दहा लाख' करा आणि पुन्हा मोजा. क्यूईएमयूमधला वेळ तुमच्या लॅपटॉपच्या वेळेवर उभा आहे, त्यामुळे आकडे खऱ्या हार्डवेअरचे समजू नका. दोन पद्धतींतला फरक मात्र दिसेल.

दोन, एक टिक झोप शंभर वेळा मागा आणि प्रत्यक्ष किती मिळाली ते टाइम रजिस्टरनं मोजा. शंभर झोपा सलग मागितल्या तर काय दिसतं आणि मध्ये वेगवेगळं काम घातलं तर काय, हे आधी कागदावर लिहा, मग चालवा.

तीन, तुमच्या स्वतःच्या प्रयोगात जिथं जिथं वेळ मोजलाय तिथं लिहून काढा: कुठलं घड्याळ, त्याचा कण केवढा, ते मागे जाऊ शकतं का, आणि ते कशाशी ताडलंय. मागे जाऊ शकणाऱ्या घड्याळानं कालावधी मोजू नका. भिंतीवरची वेळ वेळेचा शिक्का मारायला, आणि नुसतं पुढे जाणारं घड्याळ किती वेळ गेला ते मोजायला. पद्धतीच्या प्रकरणात या चार उत्तरांची एक ओळ लिहिली, तर परीक्षकाला विचारायला एक प्रश्न कमी उरतो.

पायऱ्यांचा तो आलेख मी टाकून दिला नाही, टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. नवा कुणी प्रयोगशाळेत आला आणि 'हे काय' म्हणून विचारलं, की मी उत्तर देत नाही. गाईडनी मला विचारलेला प्रश्न त्याला विचारतो.